'नेटवर्क पाथ सापडत नाही' पुन्हा पुन्हा येतंय? छोट्या ऑफिसच्या लॅनसाठी प्रोटोकॉल एकदाच नीट ठरवा

लक्षण ओळखीचं आहे. पाच-दहा कॉम्प्युटरचं ऑफिस असतं: कर सल्लागाराचं, पतसंस्थेच्या शाखेचं, छापखान्याचं किंवा शाळेचं. त्यातलं एक मशीन 'सर्व्हर' म्हणून दिवसभर चालू ठेवलेलं. त्यावर टॅलीचा डेटा, जीएसटीच्या फायली, स्कॅन केलेली कागदपत्रं, आणि त्यालाच जोडलेला प्रिंटर. कित्येक महिने सगळं सुरळीत चालतं. मग एखादा नवा कॉम्प्युटर येतो, जुन्याला फॉरमॅट मारला जातो, विंडोजचा मोठा अपडेट होतो किंवा नुसती लाइट जाऊन येते, आणि शेअर्ड फोल्डर उघडायचा बंद होतो. स्क्रीनवर 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' आणि कोड ०एक्स८००७००३५. इंटरनेट मात्र प्रत्येक टेबलावर चालू असतं, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे कुणालाच कळत नाही.

यावर ठरलेले उपाय केले जातात. फायरवॉल बंद केली जाते, फोल्डरला 'एव्हरीवन'च्या नावे पूर्ण परवानगी दिली जाते, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद होतं, आणि शेवटी विंडोज फीचर्समध्ये जाऊन 'एसएमबी १.०' या फोल्डर शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीवर टिचकी मारली जाते. फोल्डर उघडतो, काम सुरू होतं. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या टेबलावर तेच दुखणं परत येतं. हे सगळे उपाय एकेका मशीनपुरते असतात. नेटवर्कचा नियम काय, हे कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून प्रत्येक नवं मशीन नवं भांडण घेऊन येतं. यातला शेवटचा उपाय तर धोक्याचा आहे आणि तो कुणीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे देतो.

प्रोटोकॉल दोन थरांवर निवडायचा असतो

प्रोटोकॉल म्हणजे मशीननी एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम. खालचा थर पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, एका मशीनवरून दुसऱ्यावर नेतो. विंडोज ९५च्या काळात इथे खरोखर निवड करावी लागायची. नेटब्यूई होता: पत्ता द्यायचा नाही, काही सेटिंग नाही, केबल जोडली की मशीन एकमेकांना दिसायची. पण तो राउटर ओलांडू शकत नसे. नॉव्हेल नेटवेअरचा आयपीएक्स-एसपीएक्स होता. नॉव्हेलचा सर्व्हर असलेल्या ऑफिसांत आणि लॅनवर खेळल्या जाणाऱ्या गेममध्ये तो भरपूर चालला. विंडोज एक्सपीच्या सीडीत नेटब्यूई एका कोपऱ्यात, मायक्रोसॉफ्टच्या आधाराविना ठेवलेला होता. व्हिस्टापासून हे दोन्ही गेले. आज या थरावर टीसीपी-आयपी एवढं एकच उत्तर आहे, त्यामुळे इथे विचार करण्यासारखं उरतं ते फक्त पत्ते कसे द्यायचे एवढंच.

वरचा थर म्हणजे 'ही फाइल उघड, ही जतन कर, ही छाप' असं सांगणारी भाषा. विंडोजमध्ये ती एसएमबी. तिचा जन्म १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये झाला. आजची खरी निवड इथे आहे, कारण तिच्या पिढ्या आहेत. एक्सपीला फक्त एसएमबी १ येतो. व्हिस्टाबरोबर २.० आला, विंडोज ७ बरोबर २.१, विंडोज ८ बरोबर ३.०, आणि विंडोज १० व ११ वर ३.१.१ आहे. दोन मशीन जोडली जाताना दोघांनाही येणारी सर्वांत वरची पिढी आपोआप निवडली जाते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. विंडोज ७ आणि विंडोज ११ यांना एकमेकांशी बोलायला एसएमबी १ लागत नाही. ते २.१ वर बोलतात. 'आमच्याकडे सेव्हन आहे म्हणून एसएमबी १ चालू करावाच लागतो' हे चूक आहे. तो लागतो फक्त एक्सपीला, सर्व्हर २००३ला, काही जुन्या नॅस डब्यांना (नेटवर्कला थेट जोडलेली फायली साठवण्याची यंत्रं) आणि स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणाऱ्या काही जुन्या झेरॉक्स मशीनना.

एसएमबी १ परत का चालू करायचा नाही

मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजी एसएमबी १ मधल्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ला 'वॉनाक्राय' हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर त्याच दोषातून दीडशेहून अधिक देशांत पसरलं. कुणी ईमेल उघडण्याची किंवा पेन ड्राइव्ह लावण्याची गरज नव्हती. लॅनवरचं एक मशीन बाधित झालं की ते शेजारच्या दुरुस्ती न टाकलेल्या मशीनमध्ये स्वतःहून शिरायचं. हल्ला इतका मोठा होता की आधार संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टनं अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'पेट्या' या तशाच सॉफ्टवेअरच्या नव्या अवतारानं जगभर धुमाकूळ घातला आणि त्याची झळ थेट आपल्या न्हावाशेव्याला लागली: जेएनपीटीमधल्या एपीएम टर्मिनल्सच्या धक्क्याचं कामकाज ठप्प झालं. ऑफिसच्या आत पसरण्यासाठी त्यानं जे मार्ग वापरले, त्यांत हाच दोष होता.

त्यानंतर ऑक्टोबर २०१७मध्ये आलेल्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ काढायला सुरुवात झाली. होम आणि प्रो आवृत्तीत नवीन विंडोज टाकल्यावर दुसऱ्याच्या फोल्डरकडे जाणारा त्याचा अर्धा भाग शिल्लक राहायचा, पण मशीन चालू असतानाच्या एकूण १५ दिवसांत तो वापरला गेला नाही तर विंडोज तो स्वतःच काढून टाकतं. 'परवापर्यंत चालत होतं, काही केलेलं नाही' ही तक्रार अनेकदा यातून येते आणि तक्रार करणारा खरंच बोलत असतो. विंडोज ११मध्ये तर एसएमबी १ मुळात बसवलेलाच नसतो. लिनक्सवर एसएमबी चालवणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरनंही २०१९च्या ४.११ आवृत्तीपासून तो बंद ठेवला आहे. म्हणजे तुमच्या ऑफिसात येणारं प्रत्येक नवं यंत्र एसएमबी १ सोडून येणार. एका म्हाताऱ्या मशीनसाठी बाकी नऊ मशीनचं दार उघडं ठेवायचं, हा सौदा टॅलीचा डेटा असलेल्या ऑफिसनं करू नये.

आता बिघाड शोधा, याच क्रमानं

आधी सर्व्हर मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग चालवा आणि आयपीव्ही४ पत्ता लिहून घ्या. मग ज्या मशीनवर अडचण आहे तिथेही तेच करा. दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे जुळायला हवेत, उदाहरणार्थ १९२.१६८.१ आणि १९२.१६८.१. एकाचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल, स्विचचं पोर्ट किंवा राउटर बघा, एसएमबीचा इथे काही संबंध नाही.

एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल तर ऑफिसात दोन राउटर आहेत हे जवळजवळ नक्की समजा. वायफायची रेंज पोचत नाही म्हणून आतल्या खोलीत दुसरा राउटर लावला जातो आणि पहिल्याची केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट आणणारी केबल लावायची जागा) खोचली जाते. मग त्याच्या मागे वेगळंच नेटवर्क तयार होतं. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, फोल्डर दिसत नाही. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरला पहिल्याच्या मालिकेतला पण वेगळा पत्ता द्या, त्याची डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तेवढं निवडलं तरी पुरतं. याच ओघात हेही बघा की कुणाचा लॅपटॉप 'गेस्ट' वायफायला तर जोडलेला नाही. गेस्ट वायफायवरून आतली मशीन सहसा दिसत नाहीत. ते तसंच असायला हवं.

पत्ते जुळत असतील तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून सर्व्हरचा पत्ता थेट टाका: \\१९२.१६८.१.१० असा, तुमच्या आकड्यांसह. पिंगवर (दुसरं मशीन उत्तर देतं का हे बघणारी आज्ञा) विसंबू नका; विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते आणि तरी फोल्डर उघडू शकतो. त्याऐवजी पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा देण्याची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन वापरून पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबीचं दार, तपासा. पुढचा रस्ता इथून फुटतो.

पत्त्यानं उघडतं पण नावानं उघडत नाही: प्रश्न नावाचा आहे, त्याबद्दल पुढे 'पत्ता आणि नाव'मध्ये. पोर्ट ४४५ लागतच नाही: सर्व्हर मशीनवर नेटवर्क 'पब्लिक' झालेलं असतं. राउटर बदलला की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि पब्लिक प्रोफाइल लावतं. ते 'प्रायव्हेट' करा आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू करा. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची गरज कधीच नसते. मशीनवर दुसरा अँटिव्हायरस असेल तर त्याच्या स्वतःच्या फायरवॉलमध्येही हेच बघावं लागतं. नाव-पासवर्ड मागतो किंवा 'अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस'चा उल्लेख येतो: प्रश्न खात्याचा आहे, आणि सध्या बहुतेक ऑफिसांचं दुखणं तिथेच असतं.

पासवर्ड नसलेलं ऑफिस

छोट्या ऑफिसात कॉम्प्युटरला पासवर्ड नसतो. कुणीही बसावं, काम करावं. फोल्डर 'गेस्ट' म्हणून उघडायचा, म्हणजे कोण आलं हे सर्व्हर विचारायचाच नाही. विंडोजनं हे दार टप्प्याटप्प्यानं बंद केलं. १७०९ पासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत, आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही, गेस्ट म्हणून आत जाणं मुळातच बंद आहे. त्यामुळे नवा लॅपटॉप आणला की त्याच्यावर उघडत नाही आणि शेजारच्या जुन्यावर उघडतं. लोक नव्या लॅपटॉपला दोष देतात. तो बरोबर वागतोय.

पासवर्ड रिकामा ठेवून नुसतं नाव टाकलं तरी चालत नाही. रिकाम्या पासवर्डचं खातं फक्त त्या मशीनसमोर बसूनच वापरता येईल, नेटवर्कवरून नाही, असा विंडोजचा मूळ नियम आहे. दुसरी अडचण पिनची: रोज चार आकड्यांचा पिन टाकून मशीन उघडत असलात तरी तो पिन त्याच मशीनपुरता असतो, शेअर्ड फोल्डरसाठी चालत नाही.

म्हणून सर्व्हर मशीनवर एक वेगळं लोकल खातं तयार करा, मायक्रोसॉफ्ट अकाउंट नसलेलं, प्रशासकाचे अधिकार नसलेलं, नीट पासवर्ड असलेलं. माणसागणिक वेगळं खातं केलं तर उत्तमच, कारण कोणी कोणती फाइल उघडावी हे ठरवता येतं. निदान हिशेबाचं एक आणि बाकी कामाचं एक एवढं तरी करा. फोल्डरवर परवानगी दोन ठिकाणी असते, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, आणि दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. एका ठिकाणी 'फुल' देऊन दुसरीकडे खातं घालायला विसरलं की 'ॲक्सेस डिनाइड' येतो. नंतर प्रत्येक टेबलावर ड्राइव्ह मॅप करताना, म्हणजे शेअर्ड फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडताना, 'वेगळ्या नावानं जोडा' ही खूण करून तेच खातं द्या आणि लक्षात ठेवायला सांगा. आधीचं चुकीचं नाव विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (जतन केलेले पासवर्ड ठेवण्याची जागा) अडकून पडलेलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर बरोबर पासवर्ड टाकूनही दाद मिळत नाही.

याच २४एच२ पासून प्रोमध्ये आणखी एक बदल झाला: एसएमबीच्या प्रत्येक संवादावर डिजिटल सही असणं सक्तीचं झालं. विंडोजच्या मशीनना आपसात काही करावं लागत नाही. जुन्या नॅसला मात्र सही जमत नसेल तर तो नव्या लॅपटॉपवर उघडत नाही. नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, त्याच्या सेटिंगमध्ये साइनिंग चालू करा, किमान पिढी एसएमबी २ ठेवा. लॅपटॉपवरची सक्ती काढणं हा उलटा उपाय आहे.

पत्ता आणि नाव

लाइट गेली की राउटर, सर्व्हर, सगळं एकदम बंद होतं. परत आल्यावर काही राउटर आधी कुणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरलेले असतात. काल .१० असलेला सर्व्हर आज .१३ होतो आणि पत्त्यानं मॅप केलेला प्रत्येक ड्राइव्ह तुटतो. राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे सर्व्हरचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) देऊन त्याच्यासाठी एक आयपी कायम राखून ठेवा. प्रिंटरसाठीही तेच करा. सर्व्हरवर हातानं स्थिर पत्ता टाकायचा असेल तर तो राउटर वाटत असलेल्या मालिकेच्या बाहेरचा हवा. मालिकेच्या आतला टाकलात तर कधीतरी तोच पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळतो आणि मग नेटवर्क लहरीप्रमाणे येतं-जातं. हा बिघाड शोधायला सर्वांत चिवट.

'नेटवर्क' या चिन्हात मशीन दिसत नाहीत म्हणून घाबरू नका. ती यादी बनवणारी जुनी ब्राउझर सेवा एसएमबी १ वर चालायची, तो गेला तशी तीही गेली. आता ते काम 'फंक्शन डिस्कव्हरी'च्या दोन सेवा करतात, प्रोव्हायडर होस्ट आणि रिसोर्स पब्लिकेशन. सर्व्हिसेसमध्ये जाऊन दोन्ही आपोआप सुरू होतील अशा ठेवा. पण खरं काम मॅप केलेल्या ड्राइव्हवर चालवा; यादीत नाव नसलं तरी ड्राइव्ह चालतो.

एसएमबी १ काढण्याआधी कोण वापरतंय ते बघा

एकदम बंद केलात आणि दुपारी झेरॉक्स मशीनचं स्कॅनिंग थांबलं तर ऑफिस तुमच्यावर चिडेल आणि तो परत चालू करायला लावेल. सर्व्हर मशीनवर पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडा आणि सेट-एसएमबीसर्व्हरकॉन्फिगरेशन या आज्ञेतून एसएमबी १च्या वापराची नोंद ठेवणारा पर्याय, ऑडिट-एसएमबी१-ॲक्सेस, चालू करा. आठवडा-दोन आठवडे ऑफिस नेहमीसारखं चालू द्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसएमबीसर्व्हरच्या ऑडिट विभागात ३००० क्रमांकाच्या नोंदी येतात आणि त्यांत मागणाऱ्या मशीनचा पत्ता असतो. महिनाअखेरीचं काम त्या काळात येईल असं बघा, कारण काही यंत्रं तेव्हाच लागतात. दुसऱ्या बाजूनं, विंडोज ७ सोडून कोणत्याही टेबलावर फोल्डर उघडा ठेवून गेट-एसएमबीकनेक्शन चालवलं की 'डायलेक्ट'च्या रकान्यात कोणती पिढी चालू आहे ते दिसतं. सगळीकडे ३.१.१ किंवा सेव्हनवाल्या मशीनशी २.१ दिसलं की एसएमबी १ निर्धास्त काढा.

यादीत झेरॉक्स मशीन निघालं तर आधी त्याचं फर्मवेअर बघा. पुष्कळ मॉडेलना एसएमबी २ किंवा ३ नंतरच्या अपडेटमध्ये मिळाला. नसेल मिळाला तर स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीनं (फायली पाठवण्याची जुनी पद्धत) पाठवण्याची सोय बहुतेक सगळ्यांत असते.

एक्सपी निघालं तर प्रश्न कठीण. वजनकाट्याला, कटिंग मशीनला किंवा एखाद्या तपासणी यंत्राला जोडलेलं एक्सपी कोणी हौसेनं ठेवत नाही. यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही म्हणून ठेवतात. त्याला टाका म्हणणं सोपं आहे, पण यंत्राची किंमत मालकाला विचारा. माझा सल्ला असा: त्या मशीनचं इंटरनेट तोडा, त्याचा शेअर्ड फोल्डरशी संबंध तोडा, आणि त्याच्या फायली बाहेर काढायला सर्व्हरवर किंवा नॅसवर फक्त त्याच एका फोल्डरपुरता एफटीपी ठेवा. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून त्याचं खातं वेगळं हवं आणि तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. राउटरवरून तो पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. पोर्ट ४४५ तर मुळीच नाही. दिवसाला दोन-चार फायलीच निघत असतील तर त्या कामासाठीच राखलेला पेन ड्राइव्हसुद्धा चालेल, मात्र सर्व्हरवर लावताना दर वेळी तपासून.

माणसं वाढली असतील तर आणखी एक मर्यादा माहीत असू द्या: विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी २० जोडण्याच चालतात. त्यापुढे नॅस किंवा विंडोज सर्व्हर घ्यावा लागतो.

राहिला प्रिंटर

सर्व्हरला यूएसबीनं जोडून शेअर केलेला प्रिंटर सप्टेंबर २०२१च्या अपडेटपासून अनेक ऑफिसांत ०एक्स०००००११बी हा एरर देऊ लागला. मायक्रोसॉफ्टनं छपाईच्या सेवेतला एक दोष बंद करताना दोन्ही टोकांना जास्त कडक ओळख पटवणं सक्तीचं केलं, आणि एक टोक जुनं असलं की जोडणी तुटते. ती सक्ती काढणारी रजिस्ट्रीची युक्ती फिरत असते. ती केली की दोष परत उघडा पडतो. आधी सर्व मशीनचे अपडेट एकाच पातळीवर आणा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. प्रिंटरला लॅनचं पोर्ट किंवा वायफाय असेल तर त्याला सर्व्हरच्या मागून काढा, राउटरवर राखीव आयपी द्या आणि प्रत्येक टेबलावर 'स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट' करून तो थेट जोडा. सहसा पोर्ट ९१०० असतो. मग छपाई एसएमबीवर अवलंबून राहत नाही, आणि सर्व्हर मशीन बंद असलं तरी पावती निघते.